नावं वर सरकेपर्यंत

स्फॅक्स, ६ जानेवारी २०१८

प्रिय मबरूका आत्या,

सलाम. हाताचं प्लॅस्टर निघालं हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितलाय आणि तू तो करत नाहीस, हेही ऐकलं. म्हणून बोटांसाठीची वस्तू आजच्या बोटीनेच पाठवतोय.

खोक्यात माझा जुना कन्सोल आहे, दोन कंट्रोलर आहेत आणि एकतीस गेम आहेत. टीव्हीला कसं जोडायचं ते उल्फाने चित्र काढून दिलंय, कारण माझं अक्षर फक्त औषधवाल्यांना लागतं असं तिचं म्हणणं. रोज अर्धा तास खेळ. हसू नकोस. तुझा हा चव्वेचाळीस वर्षांचा भाचा, दातांचा डॉक्टर, उल्फाचा नवरा, दोन मुलींचा बाप, त्याने गेल्या वर्षात सत्तावीस गेम संपवले. यादी दवाखान्यातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेली आहे, तारखेसकट. पेशंटचा जबडा बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांचं मी सोनं करतो.

आता बाबांचा निरोप, त्यांच्याच शब्दांत: "सहासष्टाव्या वर्षी गच्चीवर चढून ऑक्टोपस वाळत घालणाऱ्या बाईचा हातच मोडला, नशीब समजावं. आता घराला कुलूप लाव आणि इकडे ये. वरचा मजला रिकामा आहे." माझंही मत तेच आहे, पण मी ते हळू आवाजात सांगतो.

तुझा,
लसाद

ता. क. फोन का उचलत नाहीस?

रम्ला, केर्केना बेट, १९ जानेवारी

लसाद,

फोन उचलत नाही, कारण फोनवर तुझा बाप असतो. शिवाय फोनवर माणूस खोटं बोलतो आणि ते वाऱ्यावर उडून जातं. कागदावरचं खोटं तारखेसकट शिल्लक राहतं. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत मी. तेव्हा यापुढे जे काय सांगायचं ते पत्रात.

खोकं पोचलं. उल्फाचं चित्र पाहून पहिल्या फटक्यात जोडलं. तिचा हात सरळ आहे, खरं तर दात तिने काढायला हवे होते आणि तू घरी बसून नुसते दाखवायला हवे होतेस. रिमोट दोन का पाठवलेस? मला हात एकाच जोडीचे आहेत.

पहिला गेम लावला. एक माणूस विहिरीपाशी उभा राहिला. मी वाट पाहिली. तोही वाट पाहत होता. वीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो, मग लक्षात आलं की त्याला मीच चालवायचं असतं. चालवला, तर तो सरळ विहिरीत. अकरा वेळा. बाराव्यांदा मी त्याला असं काही झापलं की शेजारीण भिंतीवरून विचारते, "बाई, शिकवण्या पुन्हा सुरू केल्या का?"

आता तुझ्या सत्तावीसविषयी. सत्तावीस म्हणजे दर साडेतेरा दिवसांना एक. दहा-दहा मिनिटांच्या सोन्यात एवढं बसतं का, हे मी वेळ मिळाला की मांडून बघेन. पण असू दे. तू फुशारकी मारलीसच आहेस तर पैज लाव. या वर्षी दोघांनीही यादी ठेवायची. एकतीस डिसेंबरला ज्याची लांब, तो जिंकला. मी जिंकले, तर तुझ्या बापाने, तिजानीने, माझ्या गच्चीचं, हाडांचं आणि कुलपाचं नाव पुन्हा काढायचं नाही. तू जिंकलास, तर मी मुकाट्याने बोटीत बसेन आणि तुमच्या वरच्या मजल्यावर राहायला येईन.

गेम संपला असं कधी म्हणायचं? शेवटी तो बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकतात म्हणे. ती सगळी सरकेपर्यंत. मधेच उठायचं नाही.

मबरूका आत्या

स्फॅक्स, ११ फेब्रुवारी

आत्या,

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते इतके हसले की मी स्वतः बसवलेली कवळी सूपमध्ये पडली. म्हणाले, "जिला आमच्याकडचं वॉशिंग मशीन बंद करता येईना म्हणून जिने कपड्यांसकट वायर उपटली, ती गेम संपवणार? लाव पैज. आजच वरचा मजला झाडून घ्या." उल्फाने खरंच झाडून घेतला. मला तुझी थोडी कीव आली, पण पैज म्हणजे पैज.

तर ऐक. मी तीन संपवले. तू विहिरीतून बाहेर आलीस का? उजवीकडचं खालचं बटण दाबलं की तो उडी मारतो. आणि त्याला रिमोट म्हणू नकोस गं, कंट्रोलर म्हण.

लसाद

रम्ला, २० मार्च

लसाद,

रिमोटने दोन गेम संपवले.

पहिला, टरबुजाच्या मळ्याचा. सोपा होता. पण शेतमालकाला पाळीचं पाणी कळत नाही, मी दोन वेळा त्याचा मळा सुकू दिला, शिकायला नको का त्याने? दुसरा, चंद्रावरच्या चोराचा. तो संपल्यावर नावं वर सरकली. सहाशे चौदा. मी सगळी वाचली. एका चोराला चंद्रावर चढवायला सहाशे चौदा माणसं लागली, आणि त्यात केर्केनाचा एकही नाही. आपली पोरं करतात तरी काय?

या यंत्रातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. मध्ये नमाजाची वेळ झाली तर बटण दाबलं की सगळं थांबतं. सात डोक्यांचा राक्षस सुरा उगारून तसाच उभा राहतो, माझं पठण संपेपर्यंत. तुझा बाप साठ वर्षांत एकदाही थांबलेला नाही.

बोटं आता छान वळतात. गच्चीवर मी चढत नाही, तुझ्या बापाला सांग. ऑक्टोपस कुणीतरी घालून जातं आणि वाळले की काढूनही जातं. शेजारधर्म. काल आम्ही तिसऱ्या गेमच्या, म्हणजे मी तिसऱ्या गेमच्या अर्ध्यावर पोचले.

आत्या

स्फॅक्स, २ मे

आत्या,

नऊ! नववा काल संपवला. 'काळ्या किल्ल्याचा कैदी.' तुझ्या खोक्यातही आहे तो, पण त्याच्या वाटेला जाऊ नकोस, भल्याभल्यांना महिने लागतात. मला सहा दिवस लागले. शेवट असा थरारक की काय सांगू! कैदी सुटतो आणि त्या दुष्ट जेलरला कड्यावरून खाली ढकलून देतो. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. समोरच्या खुर्चीवर पेशंट होता, तोही दचकून उठला.

वरच्या मजल्याला रंग द्यायचा ठरतोय. पिवळा की निळा?

लसाद

रम्ला, १४ मे

लसाद,

'काळ्या किल्ल्याचा कैदी' मी एप्रिलमध्येच संपवला. आता पेपर तपासते.

जेलर त्या कैद्याची आई आहे. शेवटी ती त्याला ओळखते, स्वतःच्या गळ्यातली किल्ली काढून देते आणि दोघं मिळून दार उघडतात. तिथे मी रडले. तू टाळ्या वाजवल्यास. अरे गाढवा, आईला कड्यावरून ढकललंस? वहिनीला हे सांगू का?

कडा आहे तो त्या गेमच्या दुसऱ्या भागात, असं मला एका जाणकार माणसाने सांगितलं. म्हणजे तू खेळला नाहीस. मोबाइलवर कुणी दुसऱ्याने खेळलेला शेवट पाहिलास, आणि तोही चुकीचा. नकलेतही चूक करणारी पोरं मी पाहिली आहेत, पण ती सहसा शेवटच्या बाकावर असत, डॉक्टर होत नसत.

माझे सात. तुझे खरे किती, ते रमजान संपायच्या आत लिही. रोजा ठेवून खोटं लिहिता येतं का बघ.

आत्या

ता. क. रंग देऊ नका.

स्फॅक्स, २० जून

आत्या,

ईद मुबारक. खारवलेल्या माशाबरोबरच्या शर्मूला रश्शात आईने यंदा मनुका जरा जास्तच घातल्या होत्या, तुझी आठवण निघाली.

रोजा ठेवून लिहिता येईना, म्हणून ईद झाल्यावर लिहितोय. नऊपैकी चार मी नुसते पाहिले. तुझ्याकडून हरतोय की काय अशी भीती वाटली गं. दवाखान्यात सगळ्यांना सांगून बसलो होतो. माझे खरे पाच. मागच्या वर्षीच्या सत्तावीसबद्दल कृपा करून विचारू नकोस.

पण आत्या, तूही काही कमी नाहीस. खोकं मीच भरलं होतं, तेव्हा कशात काय आहे ते मला पाठ आहे. तू उल्फाला ईदच्या कार्डात जी यादी पाठवलीस, त्यात आठवा लिहिलाय 'दोन वेडे, एक दोर.' तो गेम एकट्याने खेळताच येत नाही! दोन गिर्यारोहक एका दोराला बांधलेले, दोघांना दोन कंट्रोलर लागतात, एकाने धरायचं तेव्हाच दुसऱ्याने चढायचं. मी तो तीन वर्षांपूर्वी घेतला आणि उल्फाने माझ्याबरोबर दोराला बांधून घ्यायला साफ नकार दिला, म्हणून तो कोरा पडला होता. तू तो एकटीने संपवलास? पायाने?

म्हणजे तूही खोटी, मीही खोटा. फिटंफाट झाली. आता सभ्यपणे बरोबरीत सोडवू या, नाही का?

लसाद

रम्ला, १ जुलै

लसाद,

सहासष्ट वर्षांत मला खोटी म्हणणारा तू पहिला. यादीतला एकेक गेम मी संपवलाय, नावं सरकेपर्यंत. 'दोन वेडे, एक दोर' सुद्धा. दुसरे हात खमैसचे होते.

आता तू विचारणार कोण खमैस. तोच. गच्चीवर ऑक्टोपस घालून जाणारा. मडकी समुद्रात सोडून ऑक्टोपस धरतो, त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. फेब्रुवारीत तो दारात मासळी द्यायला आला आणि मी अकराव्यांदा एका खड्ड्यात पडत होते. तो दारातूनच अदबीने म्हणाला, "लल्ला मबरूका, आधी धावा, मग उडी. होडीतून धक्क्यावर उडी मारतो तसं." मी आधी धावले. पोचले. मग माणसाला चहा तरी विचारायला नको?

दोराचा गेम तो असा खेळतो की बघत राहावं. चाळीस वर्षं दोर ओढलेला माणूस. मी चुकले की ओरडत नाही, "धरलंय" एवढंच म्हणतो. बाकीच्या गेममध्ये तो नुसता बसून सल्ला देतो, आणि सल्ला देणं म्हणजे खेळणं नव्हे. नाहीतर तुझा बाप जन्मात हरला नसता.

हे तिजानीला अजिबात कळता कामा नये. तुला माहीत नसेल. १९८३ साली रम्लाच्या कॅफेत, चकुब्बाच्या पत्त्यांच्या शेवटच्या डावात, खमैसने चौकटची सत्ती उचलली आणि तुझा बाप हरला. सत्ती बाहीतून आली, असं तिजानी म्हणाला. खमैस तेव्हा बनियनवर होता. बनियनला बाही नसते, हे सगळ्या कॅफेने तिजानीला सांगून पाहिलं. तेव्हापासून पस्तीस वर्षं तो खमैसचं नाव घेत नाही. स्फॅक्सला बदली मागून गेला, ती कस्टमच्या नोकरीसाठी असं सांगतो.

पत्र वाचून फाडून टाक.

आत्या

स्फॅक्स, ९ सप्टेंबर

आत्या,

घोटाळा झाला. मी पत्र फाडलं नाही. इतकं छान पत्र फाडवेना, म्हणून कोटाच्या खिशात ठेवलं. आईने कोट धुवायला काढला. तिला चष्मा सापडेना, तेव्हा तिने पत्र बाबांकडे दिलं, "बघा हो, महत्त्वाचं आहे का." बाबांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. "दुसरे हात खमैसचे होते" इथपर्यंत ते बातम्यांसारखं वाचत गेले. मग थांबले. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांनी उभं राहून विचारलं, "कसले हात?"

नंतरचं काय सांगू. "तो सत्तीचोर! माझ्या बहिणीच्या दिवाणखान्यात! माझ्या मुलाच्या कंट्रोलरवर!" (बघ, ते सुद्धा कंट्रोलर म्हणतात.) आई म्हणाली, बनियन होतं ना हो त्याच्या अंगावर? तेव्हापासून ते आईशीही बोलत नाहीयेत.

त्यांचा निवाडा असा: चार हातांनी संपवलेले गेम बाद. पैज मबरूकाच्या हातांची आहे, त्या माणसाच्या नव्हे. आणि वरच्या मजल्याला त्यांनी स्वतः जाऊन पिवळा रंग आणला.

मला माफ कर. माझे दहा झाले. खरे. आता दवाखान्याच्या सहायिकेकडून रोज सही घेतो.

लसाद

रम्ला, ३ ऑक्टोबर

लसाद,

कान पिरगाळायला तू हाताशी नाहीस, हे तुझं नशीब.

तिजानीचा निवाडा मला मान्य आहे. तो चिडून बोलला, पण बरोबर बोलला. पैज माझ्या हातांची होती. दोघांनी संपवलेले तीन गेम मी खोडले. राहिले अकरा. शेजारीण म्हणाली, "खोडता कशाला, कुणाला कळतंय?" तिला सांगितलं, बेरीज चुकली की मला झोप लागत नाही, जागं ठेवायला रात्री खाल्लेले ऑक्टोपस पुरे होतात.

आणखी एक गोष्ट तुला सांगते, फक्त तुला, आणि या वेळी पत्र चुलीत घाल. मागच्या आठवड्यात आम्ही दोराचा गेम पुन्हा लावला होता, मोजण्यासाठी नाही, असाच. सहाव्या डोंगरावर मी लोंबकळत होते, खमैसने वर धरलं होतं, आणि तो म्हणाला, "लल्ला मबरूका, लग्न कराल का माझ्याशी?" मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. डोंगराकडे कुणीच पाहिलं नाही. दोघंही दरीत.

मी म्हटलं, एकतीस डिसेंबरनंतर सांगेन, एका वेळी एकच गणित. त्याला पैजेचं माहीत आहे. मी हरले तर स्फॅक्सला जावं लागेल, हेही माहीत आहे. त्यावर बराच वेळ तो रिमोटचं बटण उगाच दाबत बसला. मग म्हणाला, "समुद्र तिकडेही आहे की. जरा मळका आहे इतकंच."

चाळीस वर्षं त्याने एकाच पाण्यात मडकी टाकली आहेत, लसाद. माणसाला असं बोलायला लावू नये. मला जिंकायलाच हवं.

आत्या

स्फॅक्स, २३ डिसेंबर

आत्या,

वारा आहे, दोन दिवस बोट सुटलेली नाही, तरी हे लिहून ठेवतो. जेव्हा सुटेल तेव्हा पोचेल.

माझे पंधरा झाले. सगळे खरे. पंधरावा कुठला माहीत आहे? 'काळ्या किल्ल्याचा कैदी.' या वेळी खेळून संपवला, त्रेसष्ट तास लागले. जेलरने गळ्यातली किल्ली काढली तेव्हा मी दवाखान्यात ओक्साबोक्शी रडलो. खुर्चीवरच्या बाईंना वाटलं त्यांच्या दाताचं काही खरं नाही, त्याही रडायला लागल्या.

आणि मग घरी येऊन मी विचार करत बसलो. उल्फाने विचारलं तुझे किती. म्हटलं आत्याच्या शेवटच्या पत्रात अकरा होते, फार तर चौदा होतील. ती म्हणाली, "मग जिंकलास. अभिनंदन. आता एका बाईला तिच्या घरातून आणि एका म्हाताऱ्याला समुद्रातून उपटून आण." आणि जेवण वाढायला निघून गेली.

आत्या, मी दोन गेम खोडतो. सहायिकेला सांगतो, वही हरवली. कुणाला कळणार?

लसाद

रम्ला, २ जानेवारी २०१९

लसाद,

मला कळणार.

काठावरच्या पोरांना पास करायला मी कधी दोन मार्क दिले नाहीत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण आजही रस्त्यात मला टाळतात. आता स्वतःसाठी घेतले तर त्यांना तोंड कसं दाखवू? तू खोडलेले दोन मी परत लिहिले आहेत, हे इथे, माझ्या हाताने. तुझे पंधरा. माझे चौदा. पंधरावा एकतीस तारखेला शेवटच्या राक्षसापर्यंत आणला होता आणि दुपारी सगळ्या बेटाची वीज गेली. ती आली दुसऱ्या दिवशी. मेणबत्ती लावून राक्षस मरत नाही.

हरले. शब्द दिलाय, तेव्हा येते.

खमैसला उत्तरही दिलं. सोमवारी सात तारखेला, दुपारी बारा वाजता, रम्लाच्या नगरपालिकेत. एक साक्षीदार त्याचा होडीवाला सोबती आहे. दुसरा साक्षीदार मला हवा आहे. रविवारच्या बोटीने ये. बापाला सांगून ये, चोरून नको.

मंगळवारी आम्ही दोघं तुझ्याबरोबरच स्फॅक्सला येऊ. मी एकटीने यायचं, असं पैजेत कुठे लिहिलंय? पत्र काढून बघ. फाडलं नसशीलच.

आत्या

स्फॅक्स, २७ जानेवारी

आत्या,

बाबांना परत पाठव.

बाकी सगळं नंतर लिहितो म्हणत होतो, पण आई म्हणते आधी नीट समजावून लिही, कारण तिला अजून कळलेलं नाही की झालं काय. मलाही लिहिताना कळेल अशी आशा आहे.

तुम्ही आठ तारखेला आलात. बाबा दारात आले नाहीत. पहिले तीन दिवस ते खोलीतून बाहेरच पडले नाहीत, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे, की ते दारामागे कान देऊन उभे असत. चौथ्या दिवशी आवाजाची तक्रार करायला ते पायऱ्या चढून वर गेले. आई म्हणाली, "आता होणार भांडण." मी मागोमाग गेलो. तू कुसकुस करायला खाली आली होतीस, म्हणून खमैसकाका एकटेच, तुम्ही बरोबर आणलेल्या दोराच्या गेमपुढे बसले होते. पडद्यावर दुसरा माणूस दोराला लोंबकळत होता, नुसताच. बाबा दारात उभे. मग बाबा म्हणाले, "डावीकडचा खडक मोकळा आहे, दिसत नाही का?" खमैसकाका वळले सुद्धा नाहीत. म्हणाले, "दिसतंय. पण धरायला कुणी नाही."

पस्तीस वर्षांनंतर हे पहिलं बोलणं, आत्या. मी साक्षीदार होतो. बाबांनी कंट्रोलर उचलला, उलटा धरला, आणि दोघंही दरीत गेले.

नंतर आठवडाभर ते दरीतच होते. "तू सोडलंस!" "तू ओढलंस!" "कस्टममध्ये असंच धरायचास का रे माल?" "तू तर बनियनमधूनही..." खाली आम्हाला ऐकू यायचं. गच्चीत तुमचे ऑक्टोपस, वर हे दोघं, शेजारच्यांनी विचारलं तुमच्याकडे लग्न आहे की खटला. शेवटी उल्फाने फर्मान काढलं, या घरात प्रत्येकाला दिवसाला एकच तास. मलाही, सासऱ्यांनाही. बाबांनी रागाने चमचा खाली ठेवला, पण उल्फापुढे कुणाचं चालतं?

अकराव्या दिवशी सकाळी नाश्त्याला ते म्हणाले, "मबरूका, पैज मी मोडली. तुझ्या घरी जा. वरचा मजला मला नको." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. आम्हाला वाटलं, भावाचं मन द्रवलं. मग ते तुम्हाला पोचवायला धक्क्यावर आले, तुझी पेटी उचलून बोटीवर चढले, आणि उतरलेच नाहीत! मी किनाऱ्यावरून ओरडलो, "बाबा, बोट सुटली!" त्यांनी हात हलवला. टाटा करतात तसा.

आठ दिवस झाले. फोन उचलत नाहीत. घरात आता पिवळ्या रंगाचा रिकामा मजला आहे आणि आई विचारते, आपण तर माणूस आणायला निघालो होतो ना?

लसाद

रम्ला, १० फेब्रुवारी २०१९

चिरंजीव लसाद यास,

मबरूकाने सांगितलं, तू तिला पत्रं लिहून माझी चौकशी करतोस. माझी चौकशी माझ्याकडे करावी. फोन उचलत नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात.

प्रकृती उत्तम आहे. ज्या कामासाठी आलो आहे ते अद्याप पूर्ण झालेलं नाही. डोंगर एकूण नऊ आहेत, आम्ही आठव्यावर आहोत. अर्ध्यावर सोडून येणं शक्य नाही. एक माणूस उतरला तर दुसरा पडतो, हे त्या गेमचं स्वरूप आहे, आणि खमैस कसाही असला तरी त्याला दरीत टाकून मी बोटीत बसलो असं लोकांनी म्हणू नये. पत्ते मी त्याच्याशी अजूनही खेळत नाही.

माझी यादी तुला पाठवायची असं मबरूकाचं म्हणणं पडलं. संपवलेले गेम: एक. टरबुजाचा मळा. नावं सगळी वाचली, कुठे सही-शिक्का दिसला नाही. मबरूकाचे जानेवारीपासून चार झाले. तुझे किती, ते कळव, सहायिकेच्या सहीसह.

काल मी गच्चीवर चढून ऑक्टोपस काढले. खाली उतरताना मबरूका शिडी धरून उभी होती आणि या वयात हाडं मोडतात म्हणून मला बोलत होती. तिला सांगितलं, मी तुझ्याहून सहाच वर्षांनी मोठा आहे.

माझा लोकरीचा कोट पाठव, इथे वारा फार आहे. बोटीवर कुणाच्या हाती देण्यापेक्षा तुझ्या आईलाच घेऊन यायला सांग. परवा खमैसने खोक्याच्या तळातून आणखी एक गेम काढला आहे. त्याला चार माणसं लागतात.

तुझा बाप,
तिजानी